तिसरी पिशवी

आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको: या गोष्टीचा शेवट चांगला झाला. पण त्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता चाळणबाईला हे कुणी सांगितलं असतं, तर तिनं हातातली चाळणी त्याच्या डोक्यात घातली असती.

चाळणबाई म्हणजे कांड्यांच्या कारखान्यातली तपासणीवाली. लाकडाचा भुसा वाळवायचा, यंत्रात दाबायचा आणि त्याच्या करंगळीएवढ्या जाड कांड्या पाडायच्या, असा तो कारखाना. या कांड्या घरच्या शेगडीतही जळतात आणि वीज करणाऱ्या अवाढव्य भट्ट्यांतही. कांडी कोरडी हवी, हाताळताना तिचा चुरा होता कामा नये आणि राख अगदी चिमूटभर पडायला हवी. हे तिन्ही बघायचं काम हिचं. दिवसभर कांड्या चाळून खाली पडलेला चुरा तोलायची, म्हणून नाव पडलं चाळणबाई. स्वभावही तसाच. नवऱ्यानं आणलेली साधी भाजीसुद्धा ती टेबलावर ओतून, निवडून, चार वाक्यं ऐकवून मगच आत न्यायची.

तर त्या मंगळवारी मॅनेजर तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी तो दारात उभा राहणारा माणूस नव्हे. सरळ आत यायचा, स्टुलावर बसायचा आणि तिच्या डब्यातलं काहीतरी तोंडात टाकत बोलायचा.

“बाई, जहाजाचा माल ओला निघाला म्हणे.”

“कुणाचा?”

“आपला. बारा पूर्णांक चार टक्के ओल. गिऱ्हाइकाचं पत्र आलंय. दहाच्या वर गेली की अख्खं जहाज नाकारता येतं त्यांना.”

“अहो, काहीतरीच काय! सात पूर्णांक नऊ होती. मी स्वतः काढलीय. माझी सही आहे त्यावर.”

“तुमची सही आहे म्हणूनच तुमच्याकडे आलो ना,” मॅनेजर म्हणाला, आणि डब्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

यात मेख कुठे होती ते दोघांनाही कळत होतं. पाच वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या वीजवाल्यांनी कोळसा सोडायचं ठरवलं. म्हणजे त्यांच्या सरकारनं त्यांना सोडायला लावलं. तेव्हा कांड्यांसाठी नुसती झुंबड उडाली होती. जवळपासच्या बेकऱ्यांना आणि घरोघरच्या शेगड्यांना गोण्या पुरवणारा हा कारखाना बघता बघता जहाजं भरायला लागला. गिऱ्हाईक फोनवर काय गोड बोलायचं! मॅनेजरच्या बायकोच्या गुडघेदुखीचीसुद्धा चौकशी करायचं. मग आणखी दूरच्या देशांत यांच्या दहापट मोठे कारखाने उभे राहिले. त्यात दोन हिवाळे उबदार गेले. भाव निम्म्यावर आला आणि चढ्या भावाचा जुना करार गिऱ्हाइकाच्या गळ्यात अडकून बसला. त्यांची कोठारं इतकी तुडुंब भरली होती की यांचं जहाज बंदराबाहेर दीड महिना नुसतं उभं ठेवलं होतं. आता माल उतरवून घेतल्यावर दोनेक महिन्यांनी त्यांना त्यात ओल सापडली होती.

“माल ओला नाही,” चाळणबाई म्हणाली. “माल नको झालाय त्यांना.”

“ते मला कळतं हो. पंचाला कळायला हवं. उद्या अकराला पंच येतोय, गिऱ्हाइकाचा माणूसही येतोय. तुम्ही तिसरी पिशवी तेवढी काढून ठेवा.”

तिसरी पिशवी म्हणजे काय, ते सांगायला हवं. जहाज भरताना पट्ट्यावरून ठरावीक वेळानं मूठ मूठ कांड्या उचलतात. सगळ्या एकत्र करून ढीग घालतात, ढिगाचे वाटे पाडतात, आणि शेवटी तीन सारख्या पिशव्या भरतात. एक आपली, एक गिऱ्हाइकाची, आणि तिसरी कुणाचीच नाही. जाड चंदेरी पिशवी, तोंड गरम करून चिकटवलेलं, त्यावर नंबर असलेलं लाल सील. चिठ्ठीवर तारीख, भरल्या पिशवीचं ग्रॅमपर्यंतचं वजन आणि सही. दोघांचं जमेना, तर पंचानं तिसरी फोडायची आणि तिच्यातून निघेल तो आकडा दोघांनी मुकाट मानायचा. आणि तिसरी पिशवी हजर करता आली नाही, तर गिऱ्हाइकाचा आकडा कायम. म्हणजे जहाज परत, समुद्रापलीकडचा धंदा बंद, आणि चाळणबाईची सही पुढे कुठल्याही जहाजाच्या कागदावर चालायची नाही. सात वर्षांत तिचा एक आकडा खोटा ठरला नव्हता. त्या सहीखेरीज तिच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

तिनं कपाट उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता.

वरचा पाहिला, मधला पाहिला, कपाटामागे हात घालून जाळी काढली. मग तिला पहिल्या शुक्रवारचं टेबल आठवलं.

कारखान्यात एक पद्धत होती. नमुन्याच्या पिशव्या तीन महिने जपायच्या आणि मुदत संपली की महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जेवणाच्या खोलीतल्या टेबलावर मांडायच्या. ज्याला हवी त्यानं न्यावी आणि घरच्या शेगडीत घालावी. आता ट्रकनं जाणाऱ्या मालाचे तीन महिने फाटकातून माल बाहेर पडला की सुरू होतात. जहाजाच्या मालाचे मात्र पलीकडे माल उतरला की. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण जहाजं आजवर पंधरा दिवसांत रिकामी व्हायची आणि भांडण कधी झालंच नव्हतं, त्यामुळे सगळे सरसकट फाटकापासूनच मोजत आले होते. तिच्या आधीचा तपासनीस तसंच मोजायचा, तीही तसंच मोजायला शिकली. हे जहाज उतरायलाच दोन महिने लागले. हिनं सवयीनं बोटांवर महिने मोजले आणि तिसरी पिशवी तीन आठवड्यांपूर्वी टेबलावर नेऊन ठेवली.

दुसऱ्यांच्या आकड्यांत खोट काढणाऱ्या बाईनं साधे दिवस मोजण्यात माती खाल्ली होती.

लपवाछपवी तिला जमत नसे. मॅनेजरला तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं. तो खाली बसला. खाली खुर्ची नव्हती, कांड्यांची गोणी होती.

“टेबलावर?”

“टेबलावर.”

“मग आता?”

“आता शोधायची. कुणी ना कुणी नेली असेल. अजून जाळली नसली म्हणजे झालं.”

“बाई, हिवाळा आहे,” मॅनेजर म्हणाला.

अंगणात लोडरवाला भुशाचा डोंगर एका बाजूनं उपसून दुसऱ्या बाजूला रचत होता. कारखान्यात कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, सगळी खबर या गड्याकडे. तिनं हात हलवून त्याला थांबवलं. त्यानं यंत्र बंद केलं, कानावरची टोपी वर केली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

“लाल सीलवाली ना? एकच तर होती तसली. ती तुम्हीच नेलीत की, ताई.”

“मी?”

“तुम्हीच. शेवटी दोन उरल्या होत्या. एक मी उचलली आणि एक तुम्ही. फोन चालू होता तुमचा, पोराच्या शाळेचं काहीतरी. न बघताच खांद्यावरच्या झोळीत कोंबलीत आणि वर मला म्हणालात, ‘नेते आता म्हाताऱ्याला, म्हणजे राखेवरून बोलायला मोकळा.’”

हे ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण म्हातारा म्हणजे नाना. तिचे वडील.

नानांनी चाळीस वर्षं लाकूड-गिरणीच्या बॉयलरमध्ये ओंडके घातले होते. नुसत्या आवाजावरून सांगायचे, आत कुठलं लाकूड जळतंय ते. मग गिरणीनं ओंडके बंद करून भुशावर चालणारा बॉयलर आणला. तो आपला आपण भुसा ओढून घ्यायचा, त्याला माणूस लागत नव्हता, आणि नाना घरी बसले. तेव्हापासून भुसा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांच्या लेखी ती झाडून टाकायची वस्तू होती. “एवढी शिकली सवरली पोरगी, आणि करते काय तर भुसा चाळते,” असं ते तिच्या तोंडावर म्हणायचे, जावयाच्याही तोंडावर म्हणायचे. तरी ती दर महिन्याला एक पिशवी त्यांना नेऊन द्यायची. आणि दर महिन्याला नाना न चुकता म्हणायचे, “मागच्या पिशवीची राख फार पडली बरं का.”

राख फार पडली! अर्धा टक्कासुद्धा राख पडू न देणाऱ्या बाईला हे ऐकवायचं? ती हातातली झोळी तिथेच टाकायची, खुर्ची ओढायची आणि नानांशी असं कडाक्याचं भांडायची की शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

म्हणजे नाना कांड्या जाळत होते. नुसते जाळत नव्हते, राखेवर डोळा ठेवून जाळत होते. दोन किलो कांड्यांना किती वेळ लागतो? एक संध्याकाळ. आणि मध्ये तीन आठवडे गेले होते.

तिनं बस धरली. बसमध्ये बसायला जागा होती, तरी ती दांडीला धरून उभी राहिली. घाईघाईत एक थांबा आधीच उतरली आणि चालण्यापेक्षा पळतच गेली.

नाना मागच्या अंगणात ओंडके फोडत होते.

“आज मंगळवार,” ते कुऱ्हाड खाली न ठेवता म्हणाले. “शुक्रवारी यायचीस तू.”

“नाना, गेल्या वेळी आणलेली पिशवी. लाल सीलची. ती जाळलीत का?”

“त्या पिशवीची राख फार—”

“राखेचं राहू द्या हो नाना! जाळलीत की नाही एवढं सांगा!”

तिचा आवाज फाटला. नानांनी कुऱ्हाड ठोकळ्यावर टेकवून ठेवली.

“झालं काय, बये?”

तिनं सांगितलं. जहाज, पत्र, पंच, टेबल, सगळं उलटसुलट सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं. पन्नाशीला टेकलेली बाई लाकडाच्या ढलप्यांत उभी राहून शाळेतल्या पोरीसारखी रडत होती. “माझी सही बाद करतील, नाना,” ती म्हणाली. “उद्यापासून माझ्या सहीला कुणी विचारणार नाही.”

नानांनी हात पँटला पुसले. “ये,” म्हणाले.

स्वयंपाकघरामागे एक थंडगार खोली होती. आई होती तोवर तिथे बरण्या असायच्या. आई गेल्यावर नानांनी त्या खोलीला कडी घातली आणि चाळणबाई पुन्हा कधी आत गेली नव्हती. नानांनी कडी काढली, दिवा लावला.

बरण्यांच्या फळ्यांवर पिशव्या होत्या. चंदेरी पिशव्या, ओळीनं, तारखेप्रमाणे लावलेल्या. वरच्या फळीवर सात वर्षांपूर्वीच्या, चिठ्ठ्यांची शाई फिकट झालेल्या, आणि तिथून खाली महिन्यामागून महिना. ऐंशीच्या वर पिशव्या होत्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, लाल सीलची.

तिनं ती उचलली, नंबर वाचला, पुन्हा वाचला, सीलवरून अंगठा फिरवला आणि तशीच खाली फरशीवर बसली. तिचा जीव भांड्यात पडला. पिशवी मांडीवर घेऊन ती हसायला लागली, आणि रडणं अजून थांबलेलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही एकदमच चाललं.

“एकही जाळली नाहीत?”

“मी भुसा जाळत नाही,” नाना म्हणाले. “चाळीस वर्षं लाकूड जाळलंय मी. आता या वयात शेगडीत केर घालू होय?”

“मग द्यायच्या कुणाला तरी! शेजारी काय कमी आहेत?”

नानांनी दिव्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. “तुझी सही आहे प्रत्येकीवर,” ते जरा रागानंच म्हणाले. “ती शेजाऱ्यांना कशी देऊ?”

चाळणबाई उठली. तिनं नानांच्या खरखरीत गालाला गाल लावला आणि पिशवी छातीशी धरून बसकडे धावली. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला हवी होती, पण त्या आनंदात ती राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं पिशवी पाहिली आणि आधी देवाचे, मग नानांचे आभार मानले. मग हळू आवाजात म्हणाला, “हे बघा बाई, कपाटात होती. एवढंच बोलायचं. संपला विषय.”

तिनं पिशवी नेऊन काट्याशेजारी ठेवली.

अकराला पंच आला. साठीचा, सर्दी झालेला, गळ्यात मफलर. त्याच्यामागून गिऱ्हाइकाचा माणूस आला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की भुशाच्या अंगणात पाय कुठे ठेवावा हेच त्याला कळेना. पंचानं लाल सील भिंगातून पाहिलं, नंबर जहाजाच्या कागदाशी ताडून पाहिला. पिशवी काट्यावर ठेवली. चिठ्ठीवर दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम होतं, काट्यावरही तेच आलं.

“ठीक,” पंच नाक पुसत म्हणाला. “नेहमीचा एक प्रश्न. मधल्या काळात पिशवी कुठे होती?”

मॅनेजर तिच्याकडे बघत होता. मानेनंच ‘कपाट, कपाट’ सांगत होता.

“तीन आठवडे माझ्या वडिलांच्या घरी,” चाळणबाई म्हणाली. मॅनेजरनं डोळे मिटून घेतले. “दिवस मोजण्यात माझी चूक झाली. वाटपाच्या टेबलावर गेली, तिथून घरी गेली.” आणि मग तिनं सगळं सांगितलं, मागच्या खोलीतल्या फळ्यांसकट. सात वर्षं खोटा आकडा लिहिला नव्हता, आता खोटं कपाट कशाला सांगायचं?

गिऱ्हाइकाचा माणूस एकदम खुलला. “घरी! म्हणजे शेगडी असलेल्या घरी! शेगडीशेजारी ठेवून वाळवली असेल. आम्हाला हा नमुना मान्य नाही.”

“बंद पिशवी कशी वाळेल?” चाळणबाई म्हणाली. “वाळली असती तर वजन उतरलं असतं. वजन तर तुमच्यासमोर केलं.”

“एका पिशवीचं वजन जुळलं. जुळतं कधीकधी. एवढ्यावरून अख्खं जहाज गळ्यात घ्यायचं का आम्ही?”

पंच शिंकला. मग म्हणाला, “वडिलांकडे आणखी पिशव्या आहेत म्हणालात ना? सगळ्यांवर वजन लिहिलेलं आहे?”

“लिहिलेलं आहे. माझी सही आहे.”

“चला तर मग,” पंच म्हणाला.

मॅनेजरची गाडी, त्यात चौघं, आणि काटा चाळणबाईच्या मांडीवर. नानांनी दार उघडलं, बनियनवर स्वेटर, हातात विळीएवढी ढलपी. कशाला आलेत ते कळल्यावर त्यांनी दारातच हाताची घडी घातली.

“माझ्या घरात चोरी शोधायला आलात होय?”

“नाना, येऊ द्या त्यांना आत,” चाळणबाई म्हणाली. “तुमच्यामुळे तर वाचतेय मी.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर काटा मांडला. पंचानं गिऱ्हाइकाच्या माणसालाच सांगितलं, हव्या त्या बारा निवडा. त्यानं कसून निवडल्या. वरच्या फळीवरच्या दोन, भिंतीलगतच्या तीन, मधूनच ओढून काढलेल्या. एकेक पिशवी काट्यावर चढली. पंच चिठ्ठी वाचायचा, मॅनेजर काटा वाचायचा. पहिली जुळली. दुसरी जुळली. सात वर्षांपूर्वीची जुळली, तेव्हा नाना हाताची घडी सोडून पुढे आले आणि काट्यावर वाकून बघायला लागले. अकरा पिशव्या ग्रॅमला ग्रॅम जुळल्या.

बाराव्या पिशवीला मॅनेजर अडखळला. “अडतीस ग्रॅम जास्त,” तो म्हणाला.

“बघा!” गिऱ्हाइकाचा माणूस टेबलावर हात आपटून म्हणाला. “मी म्हणत नव्हतो? या पिशव्यांवर विश्वास ठेवायचा?”

चाळणबाई पुढे झाली. तिनं पिशवी उचलली, उलटीसुलटी केली. खालच्या कोपऱ्याला नखाएवढं भोक होतं, कडा कुरतडलेली.

“उंदीर,” नाना म्हणाले. “गेल्या साली शिरला होता. एक कांडी चाखली आणि गेला निघून. त्यालाही भुसा पटला नाही.”

पंचाला हसू आलं, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता त्यानं पिशवी हातात घेतली. “ही जड झाली,” तो म्हणाला. “म्हणजे ओल आत गेली. म्हणजे ही खोली कोरडी नाही, चांगली दमट आहे. इथे नमुना वाळत नाही, उलट ओल धरतो. आणि धरली कुणी? फक्त भोक पडलेल्या पिशवीनं. बाकीच्या अकरांनी सात सात वर्षं थेंबभर घेतली नाही. तुमचं म्हणणं काय होतं, शेगडीशी वाळवली?”

गिऱ्हाइकाचा माणूस पिशवीकडे बघत राहिला. शेवटी पंचानं पुढे केलेल्या कागदावर त्यानं सही केली. पंचानं ती उंदराची पिशवी पुराव्यादाखल मागून घेतली. नानांनी ती वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिली आणि पावती मागितली.

तिसरी पिशवी दुपारी सगळ्यांसमोर फोडली. कांड्या तोलल्या, एकशे पाच अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या, ओव्हनला पंचानं आपलं सील लावलं. गुरुवारी सकाळी पुन्हा तोलल्या. पंचानं हिशेब कागदावर केला, मग यंत्रावर केला आणि वाचून दाखवला: आठ पूर्णांक एक. दहाच्या कितीतरी खाली. माल कोरडा, जहाज मान्य, चाळणबाईची सही शाबूत.

मॅनेजर तिच्या खोलीत आला. दारात उभा राहिला नाही. स्टुलावर बसला, डबा ओढला आणि न विचारता खायला लागला. आपण वाचलो हे चाळणबाईला खरंखुरं तेव्हा पटलं. तिनं कपाटाच्या दारावर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: जहाजाचे दिवस माल उतरल्यापासून मोजणे. खाली सही केली. लोडरवाला ते वाचून म्हणाला, “ताई, आता ही पाटीच नका मांडू टेबलावर.” ती त्याच्या अंगावर फडकं घेऊन धावली.

दुपारी सुट्टी घेऊन ती नानांकडे गेली.

“आठ पूर्णांक एक!” दारातूनच ती ओरडली.

“तू तर सात पूर्णांक नऊ म्हणाली होतीस.”

“अहो नाना, एवढा फरक धरतातच!”

“धरत असतील. माझ्या वेळी नव्हते धरत,” नाना म्हणाले आणि शेगडीत एक ढलपी सरकवली. पण त्यांचे डोळे हसत होते, आणि शेगडीवर दोन कप चहाचं पाणी आधीच चढलेलं होतं.

तिनं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. साडेचारला पोराची शाळा सुटायची, मधे बस. “मी येते नाना, नुसतं सांगायला आले होते,” ती म्हणाली. दाराकडे दोन पावलं गेली आणि मंगळवारी ध्यानात यायची राहिलेली गोष्ट आत्ता आली. ती तिथेच थांबली.

“थांबा हो जरा. तुम्ही एकही पिशवी फोडली नाहीत ना?”

“नाही म्हटलं ना.”

“एकही कांडी जाळली नाहीत.”

“नाही.”

“मग सात वर्षं ती राख कुठली पडत होती?”

नाना चिमट्यानं निखारे सारखे करत बसले.

“तू यायचीस,” ते शेवटी म्हणाले. “पिशवी ठेवायचीस. घड्याळ बघायचीस. पोराची शाळा, नवऱ्याचा डबा, तुझी बस. तुझंही चुकत नव्हतं. पण पाच मिनिटांत ‘येते नाना’ व्हायचं. एकदा असंच सहज बोललो, राख फार पडली म्हणून. तर तू तासभर बसलीस.”

चाळणबाई दारापासून परत फिरली. सात वर्षांतले ते सगळे शुक्रवार तिला आठवले. आपण किती तावातावानं आकडे सांगितले होते, आणि नाना समोर बसून किती मन लावून ऐकत होते, मधेच एखादी काडी टाकत होते.

तिनं फोन काढला आणि नवऱ्याला सांगितलं, आज पोराला तू आण. मग अंगातला कोट काढून खुंटीला लावला, मनगटावरचं घड्याळ सोडून कोटाच्या खिशात टाकलं, खुर्ची ओढून शेगडीसमोर बसली आणि बाह्या वर सारल्या.

“बोला,” ती म्हणाली. “या महिन्यात किती पडली म्हणता राख?”

“फार,” नाना चहा ओतत म्हणाले. “आणि खडेसुद्धा निघाले.”